मागचं उजवं चाक

आंजर्ले,
मंगळवार

प्रिय नमू,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मी फोन घेतला की सासूबाई टीव्ही बंद करतात. मला नीट ऐकू यावं म्हणून करतात, हे मला माहीत आहे. मग घरात इतकं शांत होतं की मी तुला फक्त हवापाणी सांगते. म्हणून पत्र. उद्या शाळेच्या कामाने दापोलीला जायचं आहे, तिथून स्पीड पोस्टने टाकेन. रविवारच्या आत तुला चाकणला मिळालं म्हणजे झालं. ताई अजून पोस्टात जाते म्हणून तू हसशील. हस. पण नीट वाच, आणि मध्येच थांबून मला दुरुस्त करू नकोस. मला सगळं ओळीने लिहायचं आहे. डोक्यात ते ओळीने येत नाही.

आम्हाला कोणाला काही लागलं नाही, हे मी त्या दिवशी सांगितलंच. गाडीलाही खरचटलं नाही. सासूबाईंच्या पायाशी ठेवलेला प्रसादाचा नारळ तेवढा सीटखाली गेला. तो अजून तिथेच आहे, वळणावर गडगडतो. मी विनीतच्या अंगणातून तुला फोन केला तेव्हा तू पहिलं काय विचारलंस आठवतं? पिवळा दिवा लुकलुकला का. घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला. मी हो म्हटल्यावर तू ओरडलीस, ताई, आमचा डबा चालला! जसं काही तुझं पोर पहिल्यांदा उभं राहिलं. मला राग यायला हवा होता. हसू आलं. मग तुमच्या ब्रेकच्या कारखान्यात बनणारा तो डबा काय करतो ते तू समजावून सांगितलंस आणि मी हूं हूं करत राहिले. ते सगळं मी तेव्हापासून मनात घोळवते आहे. फोन करण्याआधी मला एकच कळत नव्हतं, की गाडी वाचली कशी. ते आता थोडंफार कळतं. पण त्यामुळे दुसरंच काहीतरी कळेनासं झालं आहे.

आधी आम्ही कुठे गेलो होतो ते सांगते. फोनवर मी देवळातून येत होतो एवढंच म्हटलं. आम्ही कौल लावायला गेलो होतो. माझ्या लग्नाचा. विनीतबद्दल मी तुला दिवाळीत सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे, आणि मी म्हटलं होतं, बघू. विनीतलाही तेच म्हटलं होतं. तो दापोलीजवळच्या कॅनिंगच्या कारखान्यात आंब्याचा रस तपासतो, त्याला थांबायची सवय आहे. पण आप्पा अलोऱ्याहून माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्याने येऊन सरळ त्यांना विचारलं. आप्पा म्हणाले, यमुनाबाईंना विचारा, ती त्यांची सून आहे. सासूबाई म्हणाल्या, मी कोण अडवणार, तिचा बापूस जिवंत आहे की अजून. त्यांचा सुजय बोटीवर गेला आणि परत आला नाही, तेव्हापासून या घरात त्या आणि मी दोघीच आहोत. मी लग्न करून गेले तर त्या एकट्या. हे कोणीच बोललं नाही. सगळे चहा पीत होते. मग आप्पाच म्हणाले, मुरुडपलीकडच्या आपल्या मूळ गावच्या देवीला विचारू. विनीत म्हणाला, चालेल. मीही म्हटलं, चालेल. आता लिहिताना दिसतं, की माझ्या लग्नाबद्दल प्रत्येकाने कोणाला ना कोणाला विचारलं. मी कोणालाच विचारलं नाही आणि कोणाला काही सांगितलंही नाही.

देऊळ तुला आठवतं तसंच आहे, फक्त गाभाऱ्यासमोर आता पंखा आला आहे. रघू गुरवाने फुलाच्या पाकळ्या ओल्या केल्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवली, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग त्याला पंखा आठवला. त्याने उठून बटण बंद केलं आणि परत येऊन गाऱ्हाणं सुरू केलं. आई, ही तुझी लेक, हा माणूस परगावचा पण गुणाचा, ही म्हातारी तुझ्या दारात आली आहे, उजवा दे नायतर डावा दे, पण पोरांना असं टांगून ठेवू नको. आप्पा म्हणाले, रघू, तू विचार, सल्ला देऊ नको. तेवढ्यात डावी पाकळी पडली. इतक्या लवकर, की गाऱ्हाणं पुरं व्हायचं होतं. रघू आमच्याकडे बघेना. आप्पांनी वाकून पाकळी उचलली, उलटी करून पाहिली आणि होती तिथे परत ठेवली. वर्कशॉपमध्ये एखादी वॉशर बघावी तशी. मी वर बघत होते. पंखा तेव्हा पूर्ण थांबला होता की अजून फिरत होता? मला आठवत नाही. विनीतला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, मी तुझ्याकडे बघत होतो.

ठरलं असं होतं, की देवळातून सगळ्यांनी विनीतकडे दापोलीला जेवायला जायचं. आप्पांना त्याचं घर बघायचं होतं. त्याने पहाटे उठून काळ्या वाटाण्याची आमटी केली होती, घावनांचं पीठ भिजवलं होतं. मला हे माहीत होतं कारण सकाळी त्याने फोन करून विचारलं होतं, यमुनाबाईंना तिखट चालतं ना. गाडीत बसता बसता आप्पा म्हणाले, आता जेवणाचं राहू दे, सरळ आंजर्ल्याला जाऊ. ते कठोरपणे नाही म्हणाले. उन्हात दार ओढून घ्यावं तसं म्हणाले. विनीत म्हणाला, बरं, मला मुरुडच्या पुढे फाट्यावर सोडा, तिथून एस्टी मिळेल. आप्पा म्हणाले, हां. मी गाडी सुरू केली. विनीत माझ्या शेजारी, आप्पा त्याच्या मागे, सासूबाई माझ्या मागे. मुरुड येईपर्यंत एकच वाक्य बोललं गेलं. सासूबाई म्हणाल्या, यंदा सुपारी बरी दिसते. 

तो फाटा तुला माहीत आहे. डावीकडे हर्णै आणि पुढे आमचं आंजर्ले. उजवीकडे आसूदवरून दापोली, चढाचा रस्ता. मधल्या बेचक्यात चहाची टपरी, तिच्यावर निळा प्लास्टिकचा कागद. आम्ही पोचायच्या जरा आधी हर्णैकडून मासळीचा एक टेम्पो आला आणि दापोलीच्या रस्त्याला वळला. ते पाणी तू पाहिलेलं आहेस. बर्फाचं, खवल्यांचं, तेलकट. टेम्पोच्या मागून धार लागलेली असते आणि वळणावर सगळं एकदम सांडतं. मोटरसायकलवाले तिथे नेहमी पडतात. विनीतने पायाशी ठेवलेली पिशवी उतरायच्या तयारीने मांडीवर घेतली. मी जोरात नव्हते. हळूही नव्हते, आणि खरं म्हणजे मी हळू व्हायला हवं होतं, कारण त्याला उतरायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, अगो, फाटा आला.

मग स्टिअरिंग हलकं झालं. एवढं मला नीट आठवतं. कळशी पाण्याला टेकली की दोर सैल पडतो, तसं. समोर निळा कागद, आणि गाडी सरळ त्याच्यावर. मी ओरडले नाही. ब्रेक दाबला नाही. क्लचही नाही. लाट आली की आपण लहानपणी पाय वर घ्यायचो, तसे दोन्ही पाय मी वर घेतले होते. हसू नकोस. तेव्हा खालून घर्रर्र असा आवाज आला, पिवळा दिवा लुकलुकायला लागला, आणि मागे उजवीकडे कोणीतरी गाडीचा पदर धरून ठेवल्यासारखं झालं. नाक वळलं. टपरी डाव्या खिडकीतून निघून गेली. गाडी चढाला लागून हळू झाली, धक्के देत इंजिन बंद पडलं. आम्ही दापोलीच्या रस्त्याला तोंड करून उभे होतो.

टपरीवाला हातात गाळणं घेऊन धावत आला. आधी स्वतःच्या टपरीकडे बघितलं, मग आमच्याकडे. म्हणाला, वहिनी, ब्रेक झकास आहेत हो तुमचे.  सासूबाई नारळ शोधत होत्या. तो मिळेना तेव्हा सरळ बसल्या आणि म्हणाल्या, देवीनं वळवलीन गाडी. मग म्हणाल्या, आता तोंड इकडे झालंच आहे तर चला, जेवून घेऊ, त्या बिचाऱ्याने पीठ भिजवून ठेवलंन असेल. आप्पा म्हणाले, यमुनाबाई, कौल डावा पडला. त्या म्हणाल्या, आणि हा कुठला पडला? डोळे मिटून बसला होतात काय?  तुला माहीत आहे, आप्पा अडले की चष्मा पुसतात. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, चला.

तर आम्ही जेवलो. विनीतची घावनं जाड होतात. सासूबाईंनी त्याला तव्यापासून उठवलं आणि स्वतः घालायला बसल्या. आप्पा जेवता जेवता मला म्हणाले, राजू, ब्रेक दाबलास काय गो? मी नाही म्हटलं. पाय कुठे होता? वर. दोन्ही? दोन्ही. त्यांनी घावन आमटीत बुडवलं. मग म्हणाले, मग ब्रेकच्या तेलाला दाब कोणी दिला? जेवण झाल्यावर सासूबाई हात पुसत घरभर फिरल्या. मागच्या खोलीत खिडकीशी थांबल्या. म्हणाल्या, इथे दर्याचा आवाज नाय येत. विनीतला वाटलं तक्रार आहे. तो म्हणाला, नाही हो, लांब पडतो इथून. त्या म्हणाल्या, मग झोप लागेल. नमू, सुजयच्या बातमीपासून त्या पहाटे पहाटे ओटीवर येऊन बसतात. मला वाटायचं त्यांना समुद्राजवळ राहायचं आहे. आवाजाने झोप लागत नाही हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी तिथून उठून अंगणात गेले आणि तुला फोन लावला. परत आत आले तेव्हा तुझ्या डब्याचं मी कोणालाच सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आप्पांचा प्रश्न साधा वाटतो, पण तो त्यांचा जन्माचा प्रश्न आहे. अलोऱ्याच्या वीजघरात कामाला असताना त्यांनी एकदा आपल्या दोघींना ते बघायला नेलं होतं, आठवतं? आई घरून म्हणत होती, मुलींना कशाला, तेलात माखून येतील. खाली गार हवा आणि सगळीकडे हिरव्या रंगाच्या नळ्या. आप्पांनी माझा हात धरून एका नळीवर ठेवला. ती नुसती नळी होती. ते म्हणाले, आत इतका दाब आहे की तो पाण्याची दारं हलवतो. मला काहीच जाणवलं नाही. तू मात्र लगेच विचारलंस, दाब कोण देतं? आणि घरी येईपर्यंत ते तुला पंप सांगत होते. त्यांच्या लेखी कुठलीच गोष्ट आपोआप हलत नाही, कोणीतरी दाब दिल्याशिवाय. देवीच्या खांद्यावरची पाकळीसुद्धा. म्हणून तर ते कौल मानतात. लोकांना वाटतं आप्पा एवढे यंत्रातले आणि तरी भाविक. मला त्यात कधी दोन माणसं दिसली नाहीत. मी त्या दिवशी वीजघरात काय विचारलं होतं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आता तुझा डबा मला कळला तसा लिहिते. एरवी आपण पायाने पेडल दाबतो आणि तो दाब नळ्यांतल्या तेलातून चारही चाकांच्या ब्रेकना जातो. मध्ये वाटेत तुझा डबा बसवलेला असतो. त्यात लहान लहान झडपा आणि एक पंप. सगळं ठीक चाललं असेल तेव्हा तो काही करत नाही, तेल त्याच्यातून येतं-जातं. पण गाडी भलतीकडे जायला लागली की तो पायाकडची वाट बंद करतो, स्वतःचा पंप चालू करतो आणि तेल ओढून घेऊन स्वतःच त्याला दाब देतो. घर्रर्र आवाज त्याचा. मग तीन चाकांकडच्या झडपा मिटतो आणि एकाच चाकाकडची उघडी ठेवतो. तू आसूदच्या आत्याच्या बागेचं सांगितलंस. पाटाचं पाणी तीन आळ्यांकडे मातीने अडवायचं आणि चौथ्याकडे सोडायचं. फक्त इथे अडवणं-सोडणं डोळा मिटून उघडायच्या आत कितीतरी वेळा. आमची गाडी टपरीकडे सरळ घसरत होती, म्हणून मागचं उजवं चाक धरलं गेलं. ज्या बाजूचं चाक धरावं त्या बाजूला गाडी वळते. सासूबाईंना हे कोणी सांगितलं तर त्यांना नवल वाटणार नाही. होडीत ज्या बाजूचं वल्हं पाण्यात धरून ठेवतात त्या बाजूला होडी फिरते, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं आहे.

मग मी तुला विचारलं, त्या डब्याला रस्ता दिसतो का. तू म्हणालीस, छे, त्याला रस्ता माहीत नाही, फाटा माहीत नाही, टपरी माहीत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात. स्टिअरिंग कुठे आणि किती फिरवलं आहे, आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे. दोन्हींत फरक पडला की तो चाक धरतो, फरक मिटला की सोडतो. मी म्हटलं, म्हणजे चालवणाऱ्याला जिकडे जायचं असतं तिकडे नेतो. तू म्हणालीस, बरोब्बर ताई. आणि पुढे थंडीत तेल कसं वागतं त्याबद्दल काहीतरी सांगत राहिलीस. ते मी ऐकलं नाही.

कारण आम्हाला डावीकडे जायचं होतं. डावीकडे थांबायचं, विनीतला उतरवायचं, आणि डावीकडेच हर्णैवरून घरी. सगळे म्हणतात गाडी घसरून उजवीकडे गेली. पण तुझ्या सांगण्याप्रमाणे घसरून ती सरळ चालली होती. उजवीकडे तिला आणलं गेलं. आणि माझ्या हातांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं नसतं तर तुझ्या डब्याने उजवं चाक धरलंच नसतं. आधी वाटलं, टपरी चुकवायला फिरवलं असेल. मग डावीकडे का नाही? जायचं तर डावीकडेच होतं. मी हात आठवून बघते. स्वयंपाकघरात उभी राहून परातीची कड धरून बघते, असा होता का उजवा हात, खाली ओढत होता का. शाळेत फळ्यासमोर खडू धरून थांबते आणि मुली एकमेकींकडे बघतात. काही आठवत नाही. पाय आठवतात, आवाज आठवतो, दिवा आठवतो. हात आठवत नाहीत.

काल भांडी घासताना एक गोष्ट आठवली. तुला फोनवर सांगितलं नाही कारण तेव्हा ती माझ्याजवळ नव्हती. गाडी थांबली, इंजिन बंद पडलं, कोणी काही बोलायच्या आधी गाडीत टिकटिक चालू होती. मला वाटलं, इंजिन गार होतं आहे. मग विनीतने माझ्या हातांवरून आपला हात पलीकडे नेला आणि स्टिअरिंगमागची ती दांडी हलवली. टिकटिक थांबली. त्याने हात परत घेतला आणि पिशवीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत त्याबद्दल एक शब्द बोललेला नाही. नमू, तो इंडिकेटर होता. उजवा. चाकं अजून उजवीकडे वळलेली होती म्हणून तो आपोआप सुटला नव्हता. आणि इंडिकेटर वळायच्या आधी लावतात. म्हणजे मासळीच्या पाण्याच्या आधी, घसरायच्या आधी, सासूबाई फाटा आला म्हणाल्या त्याच्याही कदाचित आधी. त्या माझ्या मागेच बसल्या होत्या. त्यांना टिकटिक ऐकू आली असेल का? आली असेल तर मग त्या देवीचं नाव घेऊन कोणाला सांभाळत होत्या? मला काही कळत नाही. इंडिकेटर तरी गाडी स्वतः लावत नाही ना? तूच सांग. बाकी सगळं ती स्वतः करते असं दिसतं.

आता रविवारचं. आप्पा परवा अलोऱ्याला परत गेले. एस्टीत चढताना म्हणाले, येत्या रविवारी नमूला फोन करून विचारतो, तेलाला दाब कोणी दिला. ब्रेकच्या कारखान्यात आहे, तिला ठाऊक असेल. पाय नसताना एवढ्याशा गाडीत दाब येऊच शकत नाही असं ती म्हणाली, तर मी तो देवीचा उजवा कौल धरतो आणि चैत्रात तारीख काढतो. दुसरं काही निघालं, तर रघूचा डावा खरा. म्हणजे तू नुसतं म्हणालीस, काय की आप्पा, असं व्हायला नको होतं, तर माझं लग्न होईल. आणि हे पत्र लिहायला बसले तेव्हा मी तुला तेच सांगणार होते. म्हणून फोन नको होता. म्हणून रविवारच्या आत. इथपर्यंत लिहीत आले आणि आता मला ते सांगायचं नाही. तू त्यांना सगळं सांग. पंप, झडपा, आत्याची बाग, मागचं उजवं चाक. आणि शेवटी तेही सांग, की तो डबा फक्त हातांचं ऐकतो. आप्पा पुढचा प्रश्न विचारतीलच. राजूने चाक उजवीकडे का फिरवलं? तिथे तू काही बोलू नकोस. म्हण, ताईलाच विचारा. मी फोनजवळ बसलेली असेन. वाजला की सासूबाई टीव्ही बंद करतील. करू देत.

तुझीच,
राजूताई